उजेडापुरता आवाज

मिरजेच्या त्या गल्लीत आताशा दिवेलागणीला अकरा घरांतलं एकेक माणूस मिटत असे. मिटणं म्हणजे झोपणं नव्हे. बोलता बोलता शब्द थांबत, हात मांडीवर पडून राही, आणि सकाळी मानेवर उजेड पडला की राहिलेलं वाक्य पुरं होई. गल्लीला इतकी सवय झाली होती की संध्याकाळच्या गप्पा "बाकीचं उद्या उजेडात" म्हणून आवरत्या घेतल्या जात.

केतकीच्या घरी असा माणूस म्हणजे तिचा नवरा श्रीरंग. जन्मभर वायरमनचं काम केलेला, खांबावर चढून गाणी म्हणणारा. अर्धांगाच्या झटक्याने मेंदूकडून जिभेकडे आणि हातापायांकडे जाणारी वाट तुटली. ती जोडायला डॉ. रेहाना मुजावरांनी त्याच्या मानेत केसाएवढा एक धागा बसवला. त्याला म्हणत प्रकाशसेतू.

तेव्हा केतकीने भीतभीत विचारलं होतं, चांदीचा धागा का नाही घालत? देवाला चालते ती चांदी.

"चांदीतून वीज सगळ्यांत सोपी जाते, काकू. तेच तर नको," रेहाना म्हणाली. "धातूत विजेचे कण रात्रंदिवस मोकळे हिंडतात. नस दमून मरेल. गंधक घेतलं, तर त्यात प्रत्येक कण आपल्या घरात कडी लावून बसलेला. निरोप जाणारच नाही. सेलेनियम या दोघांच्या मधलं. अंधारात कडी लावतं, उजेड पडला की दार उघडतं."

म्हणून मानेमागे काचेची बारीक टिकली होती, तिला झरोका म्हणत. बारा तास उजेड झाला की धागा दमे. मग झरोक्यावर काळी पट्टी बांधायची, ती सकाळपर्यंत.

श्रीरंगच्या उजव्या पायात आग होई. दिवसा तो कण्हत असे, गोळी घेत असे. पट्टी बांधली की मात्र कपाळावरच्या आठ्या विरत, ओठ सैल पडत. सगळ्या घरांत हाच अनुभव होता. अंधारात दुखणंही थांबतं असं ठरलं आणि मूत्रपिंडाला त्रास नको म्हणून संध्याकाळची गोळी बंद झाली.

केतकीचं नक्त होतं. दिवसभर उपास, दिवा लावल्यावर एकदाच जेवण, तेही न बोलता. नवरा बोलता व्हावा म्हणून धरलेलं, तो बोलू लागल्यावर कृतज्ञतेने चालू ठेवलेलं. ती पट्टी बांधी, त्याच्याजवळ पान वाढून घेई, आणि त्या निवांत चेहऱ्याकडे बघत जेवी. दिवसातला तेवढाच वेळ तिच्या जिवाला स्वस्थता असे.

एका सकाळी तिने पट्टी सोडली आणि श्रीरंग म्हणाला, "काल तेल काय वडे तळायला तापवलं होतंस?"

ती हसली. मग तिचे हात थांबले. तेल तिने काल पट्टी बांधल्यानंतर लावलं होतं. त्याच्या मनगटावर लालसर चट्टा होता, आणि चोळताना चेहरा जराही हलला नव्हता.

"तुम्हाला कळलं?"

त्याने चहाचा विषय काढला. ती जागची हलली नाही.

"आणि पाय?"

"पाय असतो आपला."

"रोज?"

"दिवसभर उपाशी असतेस गं," तो हळूच म्हणाला. "सांगितलं असतं तर घास उतरला असता का तुला?"

रेहाना दुपारी आली. तिने पट्टी बांधून पायाला बर्फ लावला, पट्टी सोडून विचारलं, पुन्हा बांधलं, पुन्हा विचारलं. शेवटी ती केतकीशेजारी जमिनीवरच बसली. निरोप जाण्याची वाट तेवढी तुटली होती, येण्याची कधीच नाही. अंधारात दुखणं थांबत नव्हतं. चेहऱ्याला दुखण्याचा हुकूम पोचत नव्हता, एवढंच.

"आम्ही उजेडात विचारायचो, आत्ता दुखतंय का. अंधाराचं कुणी विचारलंच नाही, काकू."

संध्याकाळची गोळी तिने पुन्हा लिहून दिली. ती कितपत लागू पडते ते मात्र सकाळीच कळणार होतं. मग ती उठली आणि तशीच गोळी बंद केलेल्या शेजारच्या घराच्या दाराशी जाऊन बराच वेळ कडी न वाजवता उभी राहिली.

दिवेलागणीला केतकीने गोळी दिली. फार दुखलं तर काहीतरी खूण करा, असं तिने विनवलं.

"वायरमनच्या बायकोने असं बोलावं?" तो म्हणाला. "लाइनच बंद, खूण कुठून येणार? तू जेव. न बोलता जेवतेस तशीच जेव, देवाचं ते देवाला. मग बोलत बस माझ्याशी."

धागा दमला होता, शब्द अडखळू लागले होते. तिने पट्टी बांधली. त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून विरल्या.

पान तसंच झाकून ठेवून ती त्याचा पाय मांडीवर घेऊन बसली.

"दुखतंय का हो?"

चेहरा रोजच्याइतकाच शांत होता.