हिरव्या साडीचं दुपटं

ओटी भरून झाली, बायका पंगतीला गेल्या, आणि स्वरालीने आईने आणलेलं दुपटं उलगडलं. पहिल्या बाळाचं पहिलं दुपटं आजीच्या जुन्या साडीचं, ही घरची रीत. पण हे तर विटलेलं, दोन जागी रफू केलेलं!

"जुनं आणाचं म्हणून इतकं? कोणाच्या लेकराचं उतरलेलं आहे हे?"

तिची आई सिंधूबाई नर्स. मेळघाटातल्या उपकेंद्रात कोरकू बायांची बाळंतपणं करत तिने बावीस वर्षं काढली, आणि पोटची पोर मात्र अकोल्याला नणंदेकडे, सत्यवतीकडे वाढली. नवरा गेलेला, नोकरी सोडता येत नव्हती, त्या रानात धड शाळा नव्हती... लेकीच्या दारी ती दर वेळी पाहुणीसारखी आली, पाहुणीसारखीच परतली. तिकडच्या खोलीत एकटीपुरती भाकर थापताना जीव किती कासावीस झाला, ते त्या तव्यालाच ठाऊक!

स्वरालीचं बोट काठावरच्या कोयरीवर थांबलं.

"ही तुही ती हिरवी साडी आहे. मी उशाशी घेऊन झोपत होती. तू नेसून गेली. तीन दिवस रडली मी, आई."

"घाईत नेसली व. पुढच्या खेपेले परत आणाची होती. पण तिकडं फुलवंतीले कळा सुरू झाल्या, न् तिचे घरचे भुमकाले, त्याहिच्या वैदूले, जीपमधी घेतल्याबिगर निघत नव्हते. त्याले मनवता मनवता वेळ गेला. ती नाल्याकाठीच बाळंत झाली, पुसाच्या थंडीत. पोर सव्वा किलोची. अंगावरची हीच साडी फाडून पोरीले तिच्या छातीशी बांधलं, न् तसंच दवाखान्यात नेलं."

"मले कावून नाही सांगितलं?"

"सात वर्षांची होती तू. मंग मोठी झाली, तं बोलतच नव्हती."

"पोर वाचली?"

"बारावीत आहे. तिनंच धुऊन, रफू करून देल्लं. म्हणे, ताईच्या बाळाले द्या."

स्वरालीने दुपटं गालाशी धरलं. मग म्हणाली, "बाळंतपणाले मी तुह्याकडंच येईन. पहिलं माहेरीच असते नं?"

याच एका वाक्यासाठी सिंधूबाईने किती वर्षं कान टवकारून काढली होती... डोळे भरून आले. हो म्हणणं किती सोपं होतं! पण जीभ नर्सची होती.

"नाही, बाई. घाटाचा रस्ता, रक्त लागलं तं तिथं भेटत नाही. पहिलटकरीण तू. इथंच, मोठ्या दवाखान्यात."

"मंग तू ये."

सिंधूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आईच्या या गप्प बसण्याचा स्वरालीला लहानपणापासून राग होता. आज तिने पहिल्यांदाच विचारलं, "तिकडं किती जणी आहेत, माह्याच तारखेच्या?"

"तिघी, त्याच पंधरवड्यात. एकीले जुळं आहे. तिले आठ दिवस आधीच खाली दवाखान्यात न्या लागते, न् भुमका माह्याबिगर कोणाचं ऐकत नाही."

स्वरालीने डोळे पुसले. दुपट्याची नीट घडी घातली आणि आईच्या पिशवीत परत ठेवली.

"त्याहिचं होऊ दे. तोवर आत्या आहे माह्यापाशी. हे ने, जुळ्याईले लागन. पण आई, या खेपेले परत आण."