भर उन्हात वाहणारा पाइप

"दोन चाळीस! लिही, लवकर लिही! पाइपमधून पाणी!" रविराज स्वयंपाकघराच्या खिडकीला नाक लावून ओरडला.

"हळू! खाली ऐकू गेलं तर आणखी एक तक्रार!" स्नेहलने त्याचा शर्ट मागे ओढला आणि वहीत वेळ टाकली.

खिडकीशेजारून गच्चीचा पाइप खाली जात होता. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी त्यातून वाहून जायचं. पण हा मे महिना होता! सगळं नाशिक भाजून निघत होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि पाइपच्या फुटक्या जोडातून पाणी टपटपत होतं.

तेरा वर्षांची स्नेहल आणि दहा वर्षांचा रविराज सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये कोंडलेले असायचे. जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप! ते लावायची त्यांची आई, उज्वला, आणि लावताना दर वेळी रडवेली व्हायची. बाबा दोन वर्षांपूर्वी सटाण्याला निघून गेले होते. मुलांच्या सुट्टीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आई द्वारका चौकाजवळच्या औषधांच्या दुकानात काम करायची. सुट्टी मुलांना होती, तिला नव्हती.

मुलांना घरात गुंतवायला तिने काय काय केलं! पत्ते झाले, नाव-गाव-फळ-फूल झालं, चादरीचा तंबू झाला. चार दिवसांत सगळ्याचा कंटाळा आला. मग, कुलूप लागायच्या आधीच, तिने ही वही आणली. "खिडकीतून, दारातून जे दिसेल ते वेळेसकट लिहायचं. संध्याकाळी मी वाचणार. ज्याची नोंद सगळ्यात भारी, त्याला कुल्फी!"

वही आईच्या डोक्यातून आली होती. कुलूप मात्र सोसायटीचे सेक्रेटरी बाळाजीकाका यांच्या डोक्यातून.

झालं असं, की बिल्डिंगमधल्या बायका गच्चीवर कुरडया वाळत घालायच्या. भल्या सकाळी गव्हाचा चीक शिजवायचा, सोऱ्याने प्लास्टिकवर कुरडया घालायच्या आणि दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं. यंदा तीन वेळा त्या अर्ध्या वाळलेल्या कुरडयांचा लगदा झाला. कोणीतरी गच्चीवर पाणी ओतत होतं!

"कोणीतरी कशाला? घरात बाप नाही, आई दिवसभर बाहेर. अशी मुलं दुसरं काय करणार?" तिसऱ्या मजल्यावरच्या उत्तराकाकू जिन्यात म्हणाल्या. चांगल्या मोठ्याने म्हणाल्या, कारण उज्वला तेव्हा जिना चढत होती.

बाळाजीकाकांनी लगेच हुकूम सोडला. "मुलांना कुलपात ठेवा. पुन्हा असं झालं तर फ्लॅट खाली करावा लागेल. मी घरमालकाशी बोललोय."

आणि काल, गुरुवारी, कुलूप असूनही उत्तराकाकूंच्या कुरडया भिजल्या!

आई कामावरून आली तेव्हा दारात दहा-बारा माणसं उभी होती. आग लागली, कोणी आजारी पडलं, तर जाळीतून हात घालून कुलूप उघडता यावं म्हणून आईने एक किल्ली स्नेहलकडे ठेवली होती.

"किल्ली वापरलीत?" आईने विचारलं.

"नाही, आई! शप्पथ!" रविराज म्हणाला.

"खोटं! आमच्या आल्हादने याला मागच्या आठवड्यात गच्चीच्या जिन्यात पाहिलंय," उत्तराकाकू म्हणाल्या.

बारा वर्षांचा आल्हाद, रविराजचा सगळ्यात जवळचा मित्र, स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. आणि आईने रविराजच्या थोबाडीत मारली! सगळ्यांसमोर. "अहो, राहू द्या," एवढंही कोणी म्हणालं नाही. काकांच्या चेहऱ्यावर तर जेवण झाल्यासारखं समाधान होतं. "रविवारी अकराला मीटिंग. तेव्हाच काय ते ठरवू," ते म्हणाले.

आज शुक्रवार होता. गालावरची बोटं गेली होती, पण रविराज अजून आईशी बोलत नव्हता.

"ताई," तो अचानक म्हणाला, "आज गच्चीवर कुरडया आहेत कुठे? काकूंनी कालच सगळ्या गोळा केल्या. मग पाणी कशावर ओतताहेत?"

स्नेहलने भराभर पानं उलटली. पाइपमधून पाणी एकूण सात वेळा आलं होतं. त्यातल्या चारच दिवशी गच्चीवर कुरडया होत्या. "म्हणजे कुरडयांवर कोणाचा राग नाहीच! पाणी भलत्याच कामासाठी सोडतात, आणि कुरडया मध्ये येतात!"

"आणि हे बघ! सातही दिवशी माझी नोंद आहे. 'दोन वीस, बाळाजीकाका डोक्यावर ओला पंचा घेऊन वर गेले. तीनला खाली आले.' तू म्हणालीस, असल्या फालतू नोंदीला कुल्फी मिळत नाही!"

काकांचा फ्लॅट अगदी समोर होता, मुलांच्या फ्लॅटसारखाच गच्चीखाली. इथे भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. काका मात्र तीन वाजल्यानंतर मजेत घोरायचे! तेही लिहिलेलं होतं.

स्नेहल ताडकन उठली. "सटाण्याला आजोबा उन्हाळ्यात स्लॅबवर पाणी मारायचे, आठवतं? खालची खोली गार होते! काका स्वतःच्या झोपेसाठी गच्ची भिजवताहेत! आणि टाकीवर पाटी कोणाची? 'पाणीटंचाई. गच्चीच्या नळाला हात लावू नये.' त्यांचीच!"

"चल, सगळ्यांना सांगू!"

"कोणाला? आपल्या आईने तरी विश्वास ठेवला का?"

मोठी माणसं दुपारी झोपतात, म्हणून दुपारी काय घडतं ते मुलांनाच ठाऊक असतं. आणि मुलांचं ऐकायला कोणी जागं नसतं.

भाजीसाठी खिडकीतून सोडायची दोरीची पिशवी सरसर तिसऱ्या मजल्यापर्यंत खाली गेली. आत चिठ्ठी होती. 'तू खोटं बोललास. वर ये.' पाचच मिनिटांत आल्हाद जाळीपाशी उभा होता, रडकुंडीला आलेला.

"पहिल्यांदा कुरडया भिजल्या तेव्हा राखण माझी होती," तो पुटपुटला. "मी पार्किंगमध्ये मोबाइलवर खेळत बसलो. आई चोपेल म्हणून रविराजचं नाव घेतलं. मग बोललेलं फिरवता येईना."

"तुझ्यामुळे मी मार खाल्ला!" रविराजने जाळीतून त्याची कॉलर पकडली.

"सोड त्याला. आता त्याचं काम आहे," स्नेहल थंडपणे म्हणाली. तिने माळ्यावरून एक पुडी काढली. रंगपंचमीला रहाडीवर, रंगाच्या पाण्याच्या हौदावर, गेले होते तेव्हा घेतलेला पक्का रंग! कोरडा असताना नुसती काळपट भुकटी, गच्चीवरच्या धुळीत दिसणारही नाही. पाणी लागलं की असा गुलाबी, की चार दिवस घासला तरी निघत नाही.

"उद्या काकू नव्या कुरडया घालणार ना? त्यांच्याबरोबर वर जा. ही भुकटी नळापाशी, नळीवर आणि काकांच्या खोलीवरच्या स्लॅबवर भुरभुरव."

"अगं, पण पाणी उताराने येईल! आईच्या कुरडया गुलाबी होतील! ती पहाटे चारला उठते त्यासाठी!"

"होऊ देत," स्नेहल म्हणाली. "आमचं घर चाललंय."

आल्हादने पुडी खिशात घातली.

शनिवारी दोघंही जाळीमागे श्वास रोखून बसले. दोन वीसला काका पंचा घेऊन वर गेले. दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे धावले. दोन चाळीसला पाइपच्या जोडातून गुलाबी थेंब पडला! मग दुसरा, मग गुलाबी धारच लागली! तेवढ्यात जिन्यात धडधड झाली, दोघं पुन्हा जाळीपाशी. काका चपला हातात घेऊन धावत खाली आले. मागे गुलाबी पावलं उमटत होती. त्यांनी वाकून ती पंच्याने पुसली, पंचाही गुलाबी झाला, आणि ते दार लावून आत पळाले. रविराजने हसू दाबायला उशी तोंडात कोंबली.

रविवारी अकराला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. आई एका कोपऱ्यात उभी होती. तिला कोणी खुर्ची दिली नव्हती. उत्तराकाकू गुलाबी लगद्याचं ताट मांडीवर घेऊन रडत होत्या.

"बघा! आता रंगच टाकला या पोरांनी!" काका गरजले. हात पाठीमागे बांधलेले होते. "या महिनाअखेर फ्लॅट खाली करायचा. आणखी काही बोलायचंय कोणाला?"

"मला!" स्नेहल वही घेऊन पुढे आली. तारीख, वेळ, पाणी, काका वर, काका खाली, काका घोरताहेत. एकेक नोंद तिने खणखणीत आवाजात वाचली. शेवटी विचारलं, "काका, एवढ्या उन्हात मोजे का घातलेत?"

"मला... पायाला ॲलर्जी आहे!"

"आणि हात मागे का?"

पहिल्या रांगेत तळमजल्यावरच्या लंकाबाई बसल्या होत्या, बिल्डिंगमधल्या सगळ्यात वयस्कर. त्यांनी काठी आपटली. "बाळाजी, लय उकडतंय. काढ ते मोजे."

"अहो, पण..."

"काढतो का मी काढू?"

मोजे निघाले. पाय घोट्यापर्यंत गुलाबी! तळहात गुलाबी! पार्किंगमध्ये असा हशा पिकला, की रस्त्यावरचे लोक थांबून आत बघायला लागले. काका घामाघूम झाले. "छत फार तापतं हो! मला ब्लडप्रेशर आहे!"

"रंग मीच दिला होता, काका. पण पाणी तुम्ही सोडलंत," स्नेहल म्हणाली. "कुरडया तुमच्याच पाण्याने भिजतात, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना? तरी आमचं नाव घेतलंत?"

काका घाईघाईने मोजे पायात चढवू लागले. मग आल्हाद उठला आणि म्हणाला, "मी रविराजला जिन्यात पाहिलंच नव्हतं. मी खोटं बोललो. सॉरी, रविराज."

उत्तराकाकूंचा हात उगारला गेला.

"काकू, सगळ्यांसमोर नको," रविराज म्हणाला. हात तसाच खाली आला.

मग कौतुकाला नुसता ऊत आला! "काय डोकं आहे पोरांचं!" "एकटीने काय वळण लावलंय बघा!" लंकाबाईंनी काकांकडून गच्चीची किल्ली काढून घेतली. उत्तराकाकू तर म्हणाल्या, "उद्यापासून मुलांना आमच्याकडेच पाठव हो उज्वला, खेळायला!" कालपर्यंत हीच मुलं त्यांना जिन्यातसुद्धा नको होती.

आई गर्दीतून वाट काढत रविराजपाशी आली. "घरी चल, राजा. आज दोन कुल्फ्या."

रविराज जागचा हलला नाही. "मारलंस सगळ्यांसमोर," तो म्हणाला. "मग आता लाड घरी जाऊन कशाला?"

आईने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग ती त्याच्यासमोर खाली बसली आणि मीटिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रविराज, माझं चुकलं. मी यांचं ऐकलं, तुझं नाही ऐकलं. मला माफ कर."

तेव्हा कुठे तो रडला, चार दिवसांचं साठलेलं सगळं.

संध्याकाळी आईने वही उघडली. शेवटच्या नोंदीचं अक्षर रविराजचं होतं, आणि कुल्फी त्या नोंदीला मिळाली:

'रविवार, अकरा पन्नास. आल्हादने माफी मागितली. आईने मागितली. बाकी कोणी नाही.'