फुलदाणीला ऐकू येतं

"या परकराला खळ कुणी घातली?"

सोलांज इस्त्री हातात धरून तशीच उभी राहिली. दारात एक शिडशिडीत तरुण... गळ्यात हेडफोन, केसांवर पावसाचे थेंब, आणि कान — अगंबाई, केवढे ते कान!

"मी घातली. का, डाग राहिला?"

"डाग नाही, बडबडतो तो! सेटवर नटी नुसती वळली तरी मला झाड कोसळल्यासारखं ऐकू येतं."

"मग सांगा ना त्याला गप्प बसायला."

"त्यालाच... म्हणजे तुम्हालाच सांगायला आलो," तो म्हणाला आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

पॅरिसबाहेर, मार्न नदीकाठच्या त्या स्टुडिओत बोलपट अजून नवा होता. सध्या चाललेल्या बोलपटात एक लबाड बाई भोळ्या घड्याळजीला खोट्या प्रेमात झुलवते आणि शेवटी दोघंही बुडतात, अशी गोष्ट. माईक सेटवरच्या फुलदाणीत लपवलेला असे आणि हा तरुण, ओक्ताव्ह, बाहेर अंगणातल्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत बसून सगळं ऐके. त्याचं पालुपद ठरलेलं, "आवाज नीट आला नाही. पुन्हा एकदा!" नटमंडळी त्याच्या नावानं बोटं मोडत.

त्या दिवसापासून त्याला इस्त्रीच्या खोलीत रोज काहीतरी काम निघू लागलं. खिशात भाजलेले गरम चेस्टनट असत.

"एवढं काय ऐकता डोळे मिटून?" तिनं एकदा विचारलं.

"तुमची इस्त्री. रेशमावर एक बोलते, सुतावर दुसरंच."

"आणि मी?"

"तुम्ही बोललात की... पुन्हा एकदा म्हणावंसं वाटतं."

तिच्या हातून त्या दिवशी एक कॉलर जळली.

मग पोलेतनं तिला गाठलं. पोलेत बोलपटात छोटी कामं करायची आणि तिच्याभोवती पोरींचा घोळका असायचा. जेवणाच्या सुट्टीत सोलांज सेटवरच्या टेबलाला चादर घालत होती.

"काय गं, त्या सुपकान्यावर भाळलीस की काय?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. सोलांजचा चेहरा तापला.

"मी? छे! बोलपटात एखादं वाक्य मिळवून देईल म्हणून गोड बोलते, झालं. नाहीतर त्या सुपांकडे कोण बघतंय!"

आणि तीही हसली. फुलदाणीच्या शेजारी उभं राहून.

संध्याकाळी ओक्ताव्ह आला. खिसे रिकामे होते.

"उद्या पहिल्याच शॉटला तुमचं एक वाक्य आहे. 'बाईसाहेब घरी नाहीत.' सकाळीच विचारून ठेवलं होतं मी." तो खिडकीकडे बघत होता. "दुपारी माईक चालू राहिला होता. चूक माझीच. बंद करायला हवा होता."

वर त्यानंच माफी मागितली! तो गेल्यावर सोलांज ओल्या कपड्यांच्या ढिगात तोंड खुपसून रडली. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी किळस येईल इतकी. बोलपटातली ती बाई खोटं प्रेम खरं म्हणून खपवत होती. हिनं खरं प्रेम खोटं म्हणून खपवलं, तेही चार पोरींच्या हसण्याला भिऊन!

सकाळी तिला मोलकरणीचा पोशाख चढवला गेला. दिवे लागले. पोलेत कोपऱ्यातून डोळे मिचकावत होती. सोलांजनं कमरेचा एप्रन सोडला आणि तिच्या हातात कोंबला.

"हे वाक्य तू म्हण."

मग ती फुलदाणीपाशी गेली. कागदाची फुलं तिच्या श्वासानं हलली.

"ओक्ताव्ह... ऐकताय ना? मला वाक्य नको. काल मी खोटं बोलले, पण या पोरींशी. तुमच्याशी कधीच नाही. मला... मला तुम्ही आवडता. कानांसकट."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दिग्दर्शक तोंड उघडं टाकून बघत राहिले. सोलांजला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. छपरावर पाऊस वाजत होता. तिनं नजर जमिनीला खिळवली.

मोठं दार करकरलं. ओक्ताव्ह भिजत आला होता. हेडफोनची तुटलेली वायर मागे लोंबत होती.

"आवाज नीट आला नाही," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "पुन्हा एकदा. आणि या वेळी... फुलदाणीला नको, मला सांग."

सोलांजनं मान वर केली. लाज अजून गेली नव्हती, गाल तसेच पेटलेले होते. तरी तिनं पुन्हा एकदा सांगितलं — चांगलं मोठ्यानं, पोलेतला ऐकू जाईल असं.