‘सोड’ म्हणायचं राहिलं

हसा हवं तर. पण माझी आई, प्रभावती, आयुष्यात कधी खोटं बोलली नाही. आणि हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

साल १९६४. गाव नेर. दसरा चार दिवसांवर होता, आणि वेळ... भर दुपारची.

माझा मामा, भीमराज, बाजारातल्या एका दुकानात रेडिओ दुरुस्त करायचा. बायको नलू. तिच्यावर त्याचा भारी जीव! चुलीपाशी तिला गाणी ऐकता यावीत म्हणून त्याने बैठकीतल्या रेडिओपासून तार ओढली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर स्पीकर बसवला. सागवानी डबा, चांगलाच जड.

धम्मदीक्षा घेतल्यापासून घराला दर दसऱ्याला चुना लागायचा. म्हणजे तो डबा उतरवणं आलंच.

रीत ठरलेली. आधी रेडिओ बंद. मग तारा सोडवायच्या, एकीला खुणेचा दोरा बांधायचा. खालचे स्क्रू आधी, वरचे नंतर. आणि शेवटच्या स्क्रूला हात लावण्याआधी विचारायचं, “धरला?”

खाली नलू दोन्ही हात वर करून उभी. “धरला जी.”

परत बसवतानाही तसंच. चारही स्क्रू आवळले की मामा म्हणायचा, “सोड.” तोवर ती हात काढत नसे. एकदा दारात कोणी आलं आणि मामा तिकडेच गप्पा मारत बसला. पठ्ठी तशीच उभी!

“काहून जी, मले खुंटी समजले काय?”

त्या वर्षी, चौसष्टच्या श्रावणात, नलू तापाने गेली. मामा कामासाठी उमरखेडला गेला होता. एसटीने पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दोघांचं शेवटचं बोलणंसुद्धा झालं नाही हो.

चुना द्यायला माझी आई आली होती. मामा एकटाच स्टुलावर चढला.

“भाऊ, थांब जरासा. हात धुऊ दे मले.”

तो कसला थांबतो! तीन स्क्रू निघाले. चौथ्यावर पेचकस टेकवला, आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं...

“धरला?”



मग...

“धरला जी.”

आईच्या हातातला कुंचा गळून पडला.

आवाज डब्यातून आला नव्हता. तारा तर केव्हाच सुटल्या होत्या.

आवाज खालून आला... नलू उभी राहायची तिथून.

मामाने स्क्रू काढला. डबा पडला नाही. अलगद जमिनीवर येऊन टेकला.

मामा लेकरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी डबा परत बसवायचा होता. भिंत अजून ओलीच होती. या वेळी मामाने मुद्दाम विचारलं. उत्तर आलं. त्याने चारही स्क्रू आवळले.

डब्याच्या तळाशी चुन्याची पांढरी बोटं उमटली होती. दहा. मामाचे दोन्ही हात तर वर, पेचकसावर होते, आणि आई दारात उभी होती.

आता फक्त “सोड” म्हणायचं.

मामाच्या तोंडून शब्द निघेना.

आईने हात जोडले. “म्हण ना भाऊ! हात दुखत असतीन तिचे.”

“मी म्हणलं तं नलू निंगून जाईन, प्रभा.”

त्यानंतर पाच वर्षं त्या भिंतीला चुना लागला नाही. मामा रोज संध्याकाळी चुलीपाशी पाट टाकून बसायचा. कधी कधी त्याला हळूच ऐकू यायचं...

“हात भरून आले जी...”

तो तोंड फिरवून रडायचा. पण तो एक शब्द काही बोलला नाही.

१९६९ साली मामाही गेला.

घर आवरायला आईबरोबर मी गेलो होतो. स्वयंपाकघराच्या भिंतीला वाळवी लागली होती. स्क्रू धरणाऱ्या लाकडी गिट्ट्यांचा पार भुगा झाला होता. चारही स्क्रू खाली पडले होते.

डबा मात्र...

डबा भिंतीवरच होता.

आई तोंडाला पदर लावून म्हणाली, “सोड वं वहिनी... सोड आता.”

डबा जागचा हलला नाही.

आईचं ऐकून काय होणार? नलूमामी मामाच्या शब्दासाठी थांबली होती. आम्ही दाराला कुलूप लावलं आणि निघून आलो.

आजही कुठे भिंतीवर जड काही टांगलेलं दिसलं, की मी आधी त्याच्या खाली बघतो.