शिवणीतली माया

फ्रान्समधल्या सोन नदीवर धुकं उतरलं की काठावरच्या त्या लहानशा संग्रहालयात भर सकाळीही दिवे लावावे लागत. नोव्हेंबरातल्या अशाच एका सकाळी सोलांज मार्शांनं खणातून तो झगा बाहेर काढला. फिकट पिवळं रेशीम, त्यावर विणलेली डाळिंबाची फुलं, कोपरापाशी लेस. जुने कपडे सांभाळण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. नोंदीत एवढंच होतं : मादमोआझेल द कोर्सेल, अविवाहित, १७७८ साली वारली.

जुन्या कपड्याला पुतळ्याच्या मापाचं करत नाहीत, पुतळ्याला कपड्याच्या मापाचं करतात. कंबर भरली अठ्ठावन्न सेंटिमीटर. पुतळे करणाऱ्या म्हाताऱ्या गास्पारनं तारेच्या जाळीवर कापूस गुंडाळून तेवढंच धड तयार केलं. झगा अगदी बेतशीर बसला.

दुसऱ्या दिवशी तो पोटावर ताणलेला दिसला. दमटपणानं कापूस फुगला असेल, असं गास्पारचं म्हणणं पडलं. हवा कोरडी असल्याचं सोलांजनं यंत्रावर दाखवलं. तरी त्यानं खालून हात घालून कापसाचा एक थर काढला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी त्यानं पोटावरचा होता नव्हता तो कापूस काढून टाकला. आत नुसती जाळी उरली.

पाचव्या सकाळी झगा तसाच तट्ट होता. सोलांजनं बोटानं दाबून पाहिलं. आत पोकळ लागेना.

प्रदर्शन आठ दिवसांवर आलं होतं आणि बगलेखालचं रेशीम विरू लागलं होतं. झगा काढावा तर तो फाटल्याशिवाय निघणार नव्हता. तिनं भिंग लावून शिवणीच्या आत पाहिलं. सुईच्या भोकांच्या तीन ओळी, प्रत्येक आधीच्यापेक्षा बाहेर. शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड, ती माया, कुणीतरी थोडी थोडी सोडत गेलं होतं. मग दुसऱ्याच कुणीतरी, जाड दोऱ्यानं आणि घाईघाईनं, झगा पुन्हा पहिल्या ओळीपर्यंत आवळला होता.

सोलांजला दोन मुलं होती. त्या ओळी कशाच्या, हे तिला सांगावं लागलं नाही.

तिनं कात्री घेतली.

"बाई, तो दोरा अडीचशे वर्षांचा आहे," गास्पार म्हणाला. "कळलं तर तुमची नोकरी जाईल."

"कळू दे."

"आणि मी काय सांगू?"

"तुम्ही कॉफी प्यायला गेला होतात."

तो गेला नाही. दिवा जवळ धरून उभा राहिला. तिनं जाड दोरा टाका टाका करून कापला. रेशीम सैल पडलं तेव्हा कुणीतरी श्वास सोडल्यासारखं दोघांनीही ऐकलं. सगळ्यात बाहेरच्या ओळीवर तिनं हलके टाके घातले.

प्रदर्शन चार महिने चाललं. लोक काचेपुढे थांबत, फुलांची तारीफ करत, पुढे जात. सोलांज रोज सकाळी दार उघडण्याआधी एक फेरी मारी. शिवण भरत चालली होती, पण धरून होती. गास्पारला तिनं फक्त एकदाच म्हटलं, की आता माया फारशी उरलेली नाही.

मार्चमधल्या एका सोमवारी, संग्रहालय बंद असताना, दोघांनी काच उघडली. झगा पुतळ्यावर ढिला लोंबत होता. पोटाशी जाळी मोकळी होती. गास्पारचा हात आरपार गेला.

"सुटली बिचारी," तो हळूच म्हणाला.

सोलांज छातीवरच्या रेशमाकडे पाहत होती. तिथं दोन गोल डाग होते, दोन्ही बाजूंना सारखे. तिनं हातमोजा काढून बोट टेकवलं. डाग ओले होते. कोमट होते. वास तिच्या ओळखीचा होता. अंगावर पाजलेल्या कुठल्याही बाईला तो ओळखता आला असता.

तिनं बोट गास्पारपुढे धरलं. त्याला कळायला जरा वेळ लागला.

"मग... मूल कुठंय?"

खालची दालनं बंद होती. दोघं निश्चल उभी राहिली, रडणं ऐकू यावं म्हणून.