गालावरचे एकवीस दिवस

पुरीएवढी काचेची चकती वैजयंताच्या डाव्या गालावर टेकली, गार लागली आणि निघाली. झाला त्वचालेख, कातडीत साठलेल्या रंगाचा आलेख. सांगलीच्या त्या दवाखान्यात आता रक्त तपासावं तितक्या सहजपणे तो काढत.

दोन्ही गालांवरचे वांगाचे तपकिरी डाग तिला लग्नानंतर सहा महिन्यांतच उठले होते. तासगावजवळची सासऱ्यांची बेदाण्याची शेड तीच सांभाळायची, तेव्हा उन्हाला दोष देऊन सगळे मोकळे झाले. सासूबाईंनी जायफळ उगाळून लावलं. नणंदेने कुठलंसं गोरेपणाचं मलम दिलं. त्याने गाल सोलून निघाले आणि डाग दुप्पट झाले. फुकटचे वैद्य गावोगाव असतात, सोसायचं मात्र आपल्याच गालाने.

शेडवर बेदाणे निवडणाऱ्या बायकांचं म्हणणं वेगळं होतं. "वांग पोटुशीला येतंय, वहिनी. गोड बातमी हाय बघा." सहा वर्षं ती आरशात डाग जरा गडद दिसले की दिवस मोजायची आणि दर महिन्याला हिरमुसून बसायची. पुढच्या आठवड्यात धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. ओटी भरायला हिला कुणी बोलावलं नव्हतं.

नवरा मकरंद बाहेर बसला होता. गावात त्याचं मेडिकल. रोज सकाळी चहाबरोबर तो डबीतली एक गोळी तिच्या तळहातावर ठेवायचा. "रक्त कमी आहे तुझं," म्हणायचा. औषधवाल्याची बायको, ती कशाला पाकीट बघायला मागेल? नवरा असावा तर असा, असं सगळी आळी म्हणायची.

डॉ. खानोलकर बाईंनी पडद्यावर तिच्या गालाचा उभा छेद उघडला. "वरची कातडी महिना-दीड महिन्यात झडते. खोल उतरलेला रंग मात्र वर्षानुवर्षं राहतो. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखं त्याचं वय वाचता येतं. उन्हाने आलेला रंग इथे निळा दिसतो."

निळा अगदीच थोडा होता. बाकी सगळ्या तांबड्या रेघा.

"हा हार्मोन्सचा. ऊन आणि उष्णता त्याला नुसती फुंकर घालतात. हे आतून चालू आहे तोवर कुठल्याही मलमाने डाग हटायचे नाहीत. गोळ्या कधीपासून घेताय?"

"कुठल्या गोळ्या?"

"मूल होऊ नये म्हणून घेतात त्या."

वैजयंताला हसूच फुटलं. "डॉक्टर, मूल व्हावं म्हणून मी देवांना नवस बोलत फिरतेय. तुमचं यंत्र चुकलंय."

"चुकलं असतं तर मला बरंच वाटलं असतं." बाईंनी चित्र मोठं केलं. "एकवीस दिवस गडद, सात दिवस फिकट. पुन्हा एकवीस, पुन्हा सात. सहा वर्षं, एकदाही खंड नाही. बाईच्या शरीराला स्वतःहून इतकी शिस्त नसते."

एकवीस आणि सात. रक्ताच्या गोळीला महिन्यातून आठवडाभर सुट्टी द्यावी लागते, नाहीतर पोट बिघडतं, असं मकरंद सांगायचा. किती जपतो, असं तिला वाटायचं.

"पाणी देऊ?" बाईंनी विचारलं. ती तोंडाला पुन्हा स्कार्फ बांधून उठली.

बाहेर मकरंदने समोरच्या दुकानातून उन्हाच्या क्रीमची ट्यूब आणूनही ठेवली होती. "काय म्हणाल्या? ऊनच ना?"

"अहो, आज माझ्या गोळीचा कितवा दिवस?"

"सतरावा," गिऱ्हाइकाला सांगावं तसं तो पटकन बोलून गेला.

मग त्याचा चेहरा उतरला. रक्ताच्या गोळीचे दिवस कुणी मोजत नाही, हे दोघांनाही एकदमच कळलं. तो इकडेतिकडे बघू लागला, ट्यूबचं झाकण उघडू-मिटू लागला.

तोंडावर घट्ट बांधलेला स्कार्फ वैजयंताने सोडला. सहा वर्षांत चार माणसांत तिने तो पहिल्यांदाच सोडला होता. रांगेतल्या बायका वळून बघत होत्या, बघू देत.

"दिवस मीही मोजत होते," ती म्हणाली. "देव्हाऱ्यापुढे बसून मोजायची, आणि तुम्ही दारात उभे राहून बघायचात. तेव्हा काय वाटायचं हो तुम्हाला?"