पिवळी फुली

दिवा जरा अलीकडे सरकवा. सांगताना मला समोरच्याचा चेहरा दिसावा लागतो, नाहीतर मीच घाबरत बसते आणि ऐकणारा खुशाल डुलक्या काढतो.

मी वेल्डर. बाईमाणूस वेल्डर म्हटलं की लोक आधी माझे हात बघतात, मग भुवया. भुवया एकदा जळून पुन्हा आल्यात, तो विषय सोडा. त्या दिवशी मला एवढंच काम होतं की एका टॉर्पेडोला चार लोखंडी कान जोडायचे, म्हणजे बोटीवर बसवल्यावर तो गडगडणार नाही. तासाभराचं काम. घरी जाऊन दुपारची झोपही मिळाली असती.

हे टॉर्पेडोचं खूळ माझ्या दादाचं. निवृत्त भूगोल शिक्षक, झोपाळ्यावर बसला तरी मळमळणारा माणूस, पण त्याने युद्धातली एक गस्ती बोट चिखलातून उपसून आणली आणि बंदराजवळच्या शेडमध्ये उभी केली. तेव्हापासून सगळे त्याला कप्तान म्हणतात आणि तो नको म्हणत नाही. आठ वर्षं आम्ही चौघं तिच्यामागे होतो. दादा, वहिनी, मी आणि आमचा रंगारी, जो रंग कमी लावतो आणि गातो जास्त. दादाचं एकच पालुपद होतं, सगळं अस्सल पाहिजे. टॉर्पेडो पत्र्याचे करून रंगवू म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शेवटी जुन्या युद्धसामग्रीच्या कुठल्याशा भांडारातून दोन खरेखुरे मिळवलेच. सोबत शिक्क्याचं पत्र होतं, दोन्हींतली दारू काढून टाकली आहे म्हणून. शिक्का बघितला की आमच्या घराण्याला लगेच भरवसा येतो.

आता शेडमधला एक नियम सांगते, कारण त्यानेच आमचा घात होणार होता. ज्याने वस्तू तपासली त्याने तिच्यावर खडूने फुली मारायची. साऱ्या जगात फुली म्हणजे चूक. वहिनी म्हणाल्याही, "अहो, तीस वर्षं मुलांच्या चुकांवर फुल्या मारल्यात, आता इथे तरी बरोबरची खूण करा." दादा म्हणाला, "म्हणूनच आता बरोबरवर फुली मारतो. तेवढंच पाप फिटेल." झालं. आमच्याकडे फुली म्हणजे बघितलं, ठीक आहे, पुढचं काम करा.

पहिल्या टॉर्पेडोच्या नाकाचं झाकण मी स्वतः उघडलं. आत टॉर्च मारला, रिकाम्या पिंपासारखं नुसतं घुमत होतं. मी फुली मारली, कान जोडले, विषय संपला. दुसऱ्याचं झाकण मात्र हलेना. हात दुखायला लागले तेव्हा मी चहाला गेले. परत आले तर त्याच्या नाकावर फुली. मला वाटलं, दादाने उघडून बघितलं असणार. बरं वाटलं, कारण ते झाकण मला नकोसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने ते नाक रॉकेलने पुसून लख्ख केलं. सकाळी पुन्हा फुली. वहिनींनी धूळ झटकली, दुपारी पुन्हा फुली. माझ्या मनात आलं, किती काळजी घेतात माझी माणसं. प्रत्येकाच्या मनात हेच आलं असणार, आणि म्हणून कोणी कोणाला विचारलं नाही.

तर ती दुपार. बाहेर असं धुकं की फाटकाजवळचा खांब दिसत नव्हता. शेडमध्ये जुन्या ग्रीसचा आणि ओल्या लाकडाचा वास दाटला होता. दादा आणि रंगारी बोटीच्या पोटात काहीतरी ठोकत होते, वहिनी सामानाची यादी घेऊन डेकवर बसल्या होत्या. मी पहिला कान नाकाच्या मागे वीतभर अंतरावर धरला आणि तोंडावर मुखवटा ओढला.

वेल्डिंगच्या मुखवट्याची काच कोळशासारखी काळी असते. ठिणगी पडेपर्यंत आत काही दिसत नाही, भरदुपारी आपल्यापुरती रात्र होते. मला त्याची इतकी सवय की त्या काळोखात मी संध्याकाळच्या भाजीचा विचार करते.

कांडी टेकवणार, इतक्यात आवाज आला. खस्स... खस्स. खडू लोखंडावर ओढल्याचा. माझ्या हातापासून फार तर फूटभर.

मी मुखवटा वर केला. कोणी नव्हतं. नाकावर ताजी फुली होती आणि तिची भुकटी अजून खाली पडत होती. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की हा खडू पिवळा आहे. आमचे सगळे पांढरे, दादाच्या शाळेतून उरलेले.

"वहिनी, इथे कोण होतं?"

"कोणी नाही, वन्सं. का हो?"

मी हसले. खरं सांगते, उगाच हसले. मुखवटा पुन्हा ओढला. आता ग्रीसच्या वासात आणखी एक वास मिसळला होता, ओल्या लोकरीचा आणि विडीचा. कोणीतरी माझ्या उजव्या खांद्याशी उभं राहून जोरात श्वास घेत होतं, धावत आल्यासारखं. आणि मग खस्स... खस्स... माझ्या डोळ्यांसमोर. काचेवर.

कांडी हातातून सुटली. मुखवटा काढून बघितला तर काचेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पिवळी फुली होती, आणि ती मारताना इतका जोर लावला होता की खडूचा तुकडा मोडून माझ्या पायाशी पडला होता.

मी मेन स्विच बंद केला आणि सगळ्यांना खाली बोलावलं. तिघं येऊन उभे राहिले.

"हे झाकण कोणी उघडलं होतं?"

"तू," दादा म्हणाला.

"मी नाही. माझ्याने उघडलं नाही. तू फुली मारलीस ना?"

"मी कशाला मारू... मला वाटलं रंगारीबुवांनी..."

"मी पुसली, कप्तान," रंगारी म्हणाला. त्याचं गाणं केव्हाच बंद पडलं होतं. "चार वेळा पुसली."

वहिनी मुखवट्याकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "अहो, सगळ्यांना तुमचा नियम कसा ठाऊक असणार? बाहेरच्याची फुली म्हणजे... नको."

आम्ही चौघं तिथून पाय न वाजवता बाहेर आलो. दादाने फाटकाबाहेर येताच पोलिसांना फोन लावला.

बॉम्ब निकामी करणारं पथक आलं. त्यांच्या साहेबांनी आख्खं बंदर रिकामं करवलं आणि आत एकटे गेले. आम्ही फाटकापलीकडच्या टपरीवर जीव मुठीत धरून चहावर चहा पीत होतो. दोन तासांनी साहेब बाहेर आले, घामाने निथळत, पण हसत. दुसरा टॉर्पेडो गच्च भरलेला होता. दारू इतकी नाजूक झालेली की वेल्डिंगची आच लागली असती तर शेड, बोट आणि आम्ही चौघं, काही गोळा करायलाही उरलं नसतं. आता सगळं निर्धोक होतं.

वहिनी रडल्या. मीही रडले, लपवत नाही. दादाने साहेबांचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "रिकामा करून परत मिळेल ना? अस्सल आहे हो." तेव्हा मात्र आम्ही पोट धरून हसलो. रंगारी तर टपरीच्या बाकावरून खाली पडला.

साहेबांनी चहा घेतला. म्हणाले, "तुमच्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रींना माझे आभार सांगा. सगळ्यांना बाहेर काढलं तरी ते हटेनात. वाद घालायला वेळ नव्हता. पण काय माहितगार माणूस, मी मागायच्या आत पाना हातात ठेवत होते."

आमच्यात म्हातारा मिस्त्री कोणी नाही. वहिनींनी माझ्या दंडाला घट्ट धरलं.

"काही बोलले का ते?" दादाने विचारलं.

"एकदाच. काम संपल्यावर. म्हणाले, तिसरा कुठाय?"

"आम्ही दोनच आणले," दादा म्हणाला.

"मीही तेच सांगितलं, दोनच आहेत म्हणून. त्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली आणि तिकडे बघत राहिले." साहेबांनी कप धरलेल्या हातानेच दिशा दाखवली.

त्या बाजूला बंदर नाही, पाणी नाही. तिकडे आमची घरं आहेत.

पथकाने आठवडाभर यंत्रं फिरवली. अंगणं, गटारं, विहिरी सगळं पाहिलं, काही सापडलं नाही. बोट झकास झाली, लोक रांगा लावून बघायला येतात, दादा पांढरी टोपी घालून मिरवतो. फक्त घरी आला की चपला उंबऱ्याबाहेर काढतो आणि झोपलेल्या तान्ह्या बाळाजवळून जावं तसा चालतो. विचारलं तर म्हणतो, गुडघे दुखतात.